सनद आणि शिबंदी : सुरक्षा विज्ञानाच्या पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागून आठवडा लोटला की बुऱ्हाणपुरातील यंत्रमागाच्या घरांत, केळीच्या बागाइतदारांच्या ओसरीवर आणि नेपानगरच्या कामगार वसाहतीत शिक्षणसंस्थांची माहितीपत्रके हातोहात फिरू लागतात; आणि त्यांत डॉक्टरी व इंजिनिअरी या जुन्या, परिचित नावांच्या शेजारी ‘सुरक्षा विज्ञान’, ‘सुरक्षा व्यवस्थापन’, ‘न्यायसहायक विज्ञान’, ‘सायबर सुरक्षा’ अशी नवी नावे आता दिसतात. मुलगा ते पान बापापुढे धरतो, आणि ज्याने जन्मभर सुताचा भाव आणि कापडाची मजुरी यांखेरीज दुसरा हिशेब केलेला नाही असा तो बाप दोनच प्रश्न विचारतो : लागणार किती, आणि पुढे मिळणार किती? विद्येचा मोबदला विचारणे म्हणजे विद्येचा उपमर्द करणे, असे मानणारा एक वर्ग आपल्यांत आहे. परंतु तो बहुधा अशा घरांतला असतो, की जेथे फी भरण्यासाठी माग विकण्याची किंवा शेत गहाण टाकण्याची पाळी येत नाही. ज्यांच्यावर ती येते त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि ते उत्तर शोधण्यासाठीच या विषयाचा हा आढावा घेण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत ‘सुरक्षा’ या एका शब्दाच्या छत्राखाली किमान पाच निरनिराळ्या विद्या येऊन बसल्या आहेत, आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना हा संदिग्धपणा सोयीचा असतो. राष्ट्राच्या संरक्षणाचा अभ्यास ही पहिली विद्या. पुणे विद्यापीठात १९६३ साली, चीनच्या आक्रमणाचा घाव ताजा असताना, तिचा स्वतंत्र विभाग निघाला. मालमत्ता, कारखाने आणि माणसे यांचा पहारा व बंदोबस्त ही दुसरी. यंत्र, आग, वायू आणि रसायने यांच्यापासून कामगाराचा जीव वाचविणे ही तिसरी. गुन्हा घडून गेल्यावर रक्त, केस, बोटांचे ठसे आणि विष यांच्याकडून साक्ष काढून घेणे ही चौथी; आणि संगणकातील पैसा व माहिती यांची राखण ही पाचवी, सर्वांत तरुण. परदेशातही ही सरमिसळ आहेच. औद्योगिक पहाऱ्याच्या व्यवसायाला शास्त्राचे स्वरूप द्यावे म्हणून अमेरिकेत १९५५ साली व्यावसायिकांची एक संघटना स्थापन झाली, आणि ऑस्ट्रेलियात पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठाने सुरक्षा हा विज्ञानशाखेचा स्वतंत्र विषय म्हणून शिकविला. आपल्या देशात गुजरात सरकारने २००९ मध्ये काढलेल्या रक्षा शक्ती विद्यापीठाचे २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झाले, आणि त्याच वर्षी गांधीनगरचेच न्यायसहायक विज्ञानांचे विद्यापीठही राष्ट्रीय दर्जास पोहोचले. पदवीच्या नावात ‘सुरक्षा’ हा शब्द आहे म्हणून या पाचही वाटांचे उत्पन्न सारखे असेल, असे समजून जो घराबाहेर पडेल त्याची फसगत ठरलेली आहे.

या विषयाचा विचार करण्यास बुऱ्हाणपूर हे गाव फार योग्य आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान हे नव्हे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी वसविलेले हे शहर दक्षिणेचे दार होते. त्याच्या उत्तरेस अशीरगडासारखा, अकबरालाही १६०१ मध्ये मोठ्या कष्टाने हाती लागलेला दुर्ग. बाजारात जरीचे कापड, सोने आणि हुंड्या. एवढे असूनही १६८१ च्या जानेवारीत, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, मराठी फौजेने तटाबाहेरील बहादुरपुरा लुटला तेव्हा मोगली अंमलदारांना तिला अडविता आले नाही. संपत्ती तटाबाहेर वाढत गेली होती आणि बंदोबस्त तटाच्या आतच राहिला होता. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७३१ मध्ये, निजामुल्मुल्क आसफजाहाने शहराभोवती विटांचा कोट बांधविला, आणि त्याचे दरवाजे आजही आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उभे आहेत. नुकसान होऊन गेल्याशिवाय रक्षणावर पैसा खर्च करण्याची बुद्धी राज्यकर्त्याला होत नाही आणि सावकारालाही होत नाही. या व्यवसायाच्या मोबदल्याचे सारे अर्थशास्त्र या एका स्वभावातून निघते.

जुन्या व्यवस्थेत या स्वभावावर एक तोड काढलेली होती. ‘आईने अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये सांगताना, चोरीचा माल त्याने शोधून द्यावा, नाहीतर नुकसानीची जबाबदारी त्याचीच, असा दंडक घातलेला आहे. पुणे-सातारा भागात गावची रखवाली रामोशांकडे असे. त्याबद्दल त्यांना हक्क मिळत आणि चोरीचा माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविता आला नाही तर भरपाईचा भार त्यांच्यावर येई. सातपुड्याच्या घाटांतून जाणाऱ्या वाटसरूंच्या रक्षणाबद्दल भिल्ल नाईकांचेही असेच हक्क होते. हे हक्क तुटले तेव्हा काय झाले, याला इतिहास साक्ष आहे : पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेले आणि त्यांतून उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले, ज्याचा शेवट १८३२ मध्ये फासावर झाला, आणि खानदेशात, बळाने भिल्ल वठणीवर येत नाहीत हे कळून चुकल्यावर, औट्रमने १८२५ मध्ये धरणगावास त्यांचीच पलटण उभी करून त्यांना नियमित तनखा बांधून दिला. मी या व्यवस्थेचे गुणगान करीत नाही. ती जातीला जखडलेली होती आणि भरपाईच्या नावाखाली पुष्कळ जुलूमही होत असे. पण एक गोष्ट तिने ओळखली होती, ती अशी की रक्षणाचे मोल रक्षकाच्या कवायतीवरून ठरत नसून, नुकसान झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे यावरून ठरते. आजच्या पदवीची किंमत करावयाची तर हाच गज हाती घेतला पाहिजे.

त्या गजाने प्रथम पहाऱ्याची वाट मोजू. खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ चा; त्याखालील नमुना नियमांप्रमाणे रक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष जागेवर, असे किमान वीस कामाच्या दिवसांत पसरलेले प्रशिक्षण पुरे होते, आणि फौजेतून किंवा पोलिसांतून आलेल्यास तर याहूनही थोडे. पंधरापर्यंत रक्षकांमागे एक पर्यवेक्षक असावा असे नियम सांगतो. परंतु तो पर्यवेक्षक नेमताना ज्याने सेना, सशस्त्र दले, पोलीस किंवा गृहरक्षक दल यांत तीन वर्षे काढली आहेत त्याला प्राधान्य द्यावे, असे खुद्द कायद्यातच लिहिलेले आहे. पदवीधराचा तेथे उल्लेखही नाही. म्हणजे ज्या शिडीवर चढण्यासाठी तीन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चावयाचे, तिची पहिली पायरी वीस दिवसांत गाठता येते आणि दुसरी पायरी दुसऱ्या कोणासाठी आधीच राखलेली आहे. वरच्या पायऱ्या, म्हणजे मोठ्या उद्योगसमूहाचा सुरक्षाप्रमुख वगैरे, बहुतकरून निवृत्त लष्करी व पोलीस अधिकाऱ्यांनी व्यापलेल्या असतात, कारण मालकाला तेथे शास्त्रापेक्षा ओळखदेख, दरारा आणि हुकमत हवी असते.

आणि पहिल्या पायरीवरील मुशाहिरा? तो निविदेत ठरतो. बँकेला, इस्पितळाला, महाविद्यालयाला रक्षक हवे असतात. ठेका सर्वांत कमी दराच्या संस्थेला जातो. किमान वेतनाचा आकडा, जो कायद्याने तळ म्हणून घातला होता, तोच व्यवहारात छत होऊन बसतो. आणि आठ तासांच्या पाळीऐवजी बारा तासांची पाळी उभ्याने काढणारा माणूस भविष्यनिर्वाह निधीची कपात वजा जाता हातात जे आणतो, त्यात भाड्याच्या खोलीतला संसार चालविणे म्हणजे रोजची ओढाताण. नोकरी मागणाऱ्याला मजुरी देणाऱ्याच्या अटींवर यावे लागते हे खरेच. परंतु चोरी झाली तर ठेकेदाराचे किंवा मालकाचे काही ठोस जात नाही, विमा भरून देतो, म्हणून जाणत्या आणि अजाण रक्षकांत फरक करण्याची त्यांना गरजच वाटत नाही, हे अधिक खरे आहे.

सरकारी वाटेकडे वळले तर चित्र निराळे आहे, तथापि पदवीच्या नावापुरते ते तसेच निराशाजनक आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत शिपाई म्हणून दहावी उत्तीर्ण तरुण जातो व मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून उपनिरीक्षक झाल्यास ३५,४०० रुपये. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक कमांडंट झाल्यास ५६,१०० रुपये. आणि त्यांवर महागाईभत्ता वगैरे वेगळे. महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षकाची वेतनश्रेणी ३८,६०० पासून आहे. यांतील उपनिरीक्षक व सहायक कमांडंट या पदांना पदवी लागते खरी, पण ती कोणत्याही शाखेची चालते. इतिहास घेऊन पदवीधर झालेला आणि सुरक्षा विज्ञान घेऊन पदवीधर झालेला, दोघे एकाच परीक्षेला, एकाच मैदानावर, एकाच वयोमर्यादेत उभे राहतात. गावातल्या महाविद्यालयात नाममात्र फीवर मिळणारी पदवी जर तेच दार उघडीत असेल, तर त्याच दारासाठी परप्रांतात जाऊन दहापट खर्च करणे कशाकरिता, या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नसते. विशेष पदवीने परीक्षेच्या तयारीला हातभार लागतो असे कोणी म्हणेल, लागतही असेल, परंतु रोज पहाटे रेणुका मंदिराच्या रस्त्याने धावण्याचा आणि वाचनालयात बसून गणिते सोडविण्याचा हातभार त्याहून स्वस्त आणि बहुधा अधिक आहे.

आता अशा वाटा पाहू, की जेथे कायद्याने कोणाला तरी उत्तरदायी धरले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात असे कलम आले, की हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षितता अधिकारी नेमलाच पाहिजे. पुढे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले. आपल्याच राज्याच्या राजधानीत एका रात्रीत हजारो माणसे निजलेल्या जागी गुदमरून गेली, आणि त्या राखेतून १९८७ ची दुरुस्ती निघाली, जिने धोकादायक प्रक्रियांबाबत कारखानदारावर स्पष्ट कर्तव्ये लादली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेने ही मर्यादा हजारावरून पाचशे कामगारांवर, धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशेवर, आणि बांधकामाच्या ठिकाणीही अडीचशेवर आणली. प्रत्येक दुरुस्तीबरोबर, ज्याच्याजवळ विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदविका आणि तिच्यावर औद्योगिक सुरक्षिततेची एक वर्षाची पदविका आहे, अशा माणसासाठी कायद्याने जागा निर्माण केल्या. त्या मालकाच्या मर्जीवर नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत हरद्याच्या फटाका कारखान्यात जो स्फोट झाला त्याचे हादरे आपण खंडवा-इटारसी मार्गावरील शेजारी म्हणून ऐकले. छोट्या कारखान्यांना या कायद्यांचे हात अजून पोहोचत नाहीत हे त्याने दाखविले, आणि ते पोहोचविले गेले पाहिजेत, असे मी येथे आग्रहाने म्हणतो, मग त्यातून पदवीधराला नोकरी मिळो वा न मिळो. आगीच्या बाबतीत नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही १९५६ पासूनची संस्था आहे, आणि तेथील अग्निअभियांत्रिकीची पदवी ही नावाने नव्हे, कामाने ओळखली जाते.

न्यायसहायक विज्ञानाची गोष्टही अशीच आहे. वर्षानुवर्षे ही विद्या मोजक्या प्रयोगशाळांपुरती होती व पदवीधर जागांची वाट पाहत बसत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे, असे बंधन घातले आणि राज्यांना त्याची तजवीज करण्यास पाच वर्षांची मुदत दिली. असे गुन्हे प्रत्येक जिल्ह्यात घडतात; म्हणून ही माणसे प्रत्येक जिल्ह्याला लागतील. मध्य प्रदेशातील विद्यार्थ्याला येथे एक जवळची सोय आहे, जिची जाहिरात फारशी कोणी करीत नाही : सागरच्या विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ पासून चालत आला आहे, देशातील अशा अगदी आरंभीच्या विभागांपैकी तो एक, आणि राज्याची मुख्य न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळाही सागरलाच आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळे तेथील खर्च खाजगी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ कमी येतो. महाराष्ट्रात मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. परंतु सीमेपलीकडच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या, मुलांना अधिवासाच्या दाखल्याची अडचण आड येते. रावेर तालुक्यातील मुलाला जे सहज मिळते ते इच्छापूरच्या मुलाला, भाषा एक, नातीगोती एक, केळीचा बाजारही एक असून, परराज्यातला म्हणून मिळत नाही. हे दुःख सरहद्दीवरच्या माणसालाच कळते.

संगणकीय सुरक्षेची वाट सर्वांत मोठ्या उत्पन्नाची म्हणून गाजते, आणि तिच्या मोलाचे कारण पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या हल्ल्यात स्पष्ट दिसते. दारावर रक्षक होते, तिजोऱ्या जागच्या जागी होत्या, आणि तरीही देशोदेशींच्या यंत्रांतून आणि परस्पर परदेशी खात्यावर वळवून अवघ्या दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये निघून गेले. १९०६ सालापासूनची, मराठी ठेवीदारांच्या विश्वासावर वाढलेली ही बँक. तिच्यावरील या प्रसंगाने सहकारी बँकांच्या संचालकांना जे शिकविले ते शंभर परिपत्रकांनी शिकविले नसते. रिझर्व्ह बँकेने आधीच, २०१६ पासून, बँकांवर सायबर सुरक्षेची जबाबदारी घालून दिली होती, आणि २०२२ मध्ये सरकारने अशा हल्ल्यांची वर्दी सहा तासांत देण्याचा हुकूम काढला. येथे नुकसान मोठे, उत्तरदायित्व निश्चित, म्हणून माणसाला मोल. मात्र या क्षेत्राचा एक विशेष असा, की येथे पदवीपेक्षा हाताचे कसब प्रत्यक्ष तपासून घेतले जाते. त्यामुळे संगणकाची साधी पदवी आणि स्वतःच्या मेहनतीने मिळविलेले कसब घेऊन येणारा, भारी नावाच्या पदवीवाल्याला सहज मागे टाकतो.

एवढी जमीन पायाखाली घेतल्यावर आकडे मांडू. पुढील रकमा कोणत्याही एका संस्थेच्या नव्हेत. हिशेबाची रीत कळावी म्हणून त्या गृहीत धरल्या आहेत आणि प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या घरच्या रकमा घालाव्यात. समजा, परगावच्या विद्यापीठात फी, वसतिगृह, खाणावळ व प्रवास मिळून वर्षाला दीड लाख, म्हणजे तीन वर्षांचे साडेचार लाख रुपये लागतात. याखेरीज एक खर्च असा आहे, की जो कोणत्याही पावतीवर येत नाही आणि म्हणून जमाखर्चातून नेहमी निसटतो : तीन वर्षे तो मुलगा मागावर किंवा दुकानात बसला असता तर दरमहा दहा हजार मिळविता, ते छत्तीस महिन्यांचे ३,६०,००० रुपये बुडाले. एकूण गुंतवणूक झाली ८,१०,००० रुपयांची. आता पदवीमुळे त्याला, पदवीविना मिळाले असते त्याहून दरमहा पाच हजार अधिक मिळू लागले असे धरू. वर्षाला साठ हजार. दहा टक्के दराने आठ लाख दहा हजारांचे नुसते व्याज वर्षाला ८१,००० होते. याचा अर्थ, वाढीव उत्पन्न पुढे वाढत न गेल्यास, मुद्दल तर दूरच, व्याजही फिटत नाही आणि जन्मभर फिटणार नाही.

तोच मुलगा घरी राहून, वर्षाला दहा हजार खर्चून गावच्या महाविद्यालयात शिकला आणि अर्धा वेळ कामाला लावून निम्मी मिळकत राखली, तर गुंतवणूक २,१०,००० वर येते, आणि त्याच पाच हजारांच्या वाढीत, व्याजासकट, साडेचार वर्षांत तो मोकळा होतो. उलट, ज्या वाटेवर कायद्याने जागा राखली आहे, अशी समजा दरमहा पंधरा हजारांच्या वाढीची नोकरी खात्रीने मिळणार असेल, तर परगावचे आठ लाख दहा हजारांचे ओझेदेखील सव्वासहा वर्षांत उतरते. परंतु ‘खात्रीने’ हा शब्द येथे फार जड आहे. चौघांत एकालाच अशी नोकरी लागत असेल तर वाढीची सरासरी ३,७५० रुपयांवर घसरते, आणि आपण पुन्हा व्याज न फिटणाऱ्या पहिल्या उदाहरणाच्याही खाली जातो. म्हणून महाविद्यालयाच्या कचेरीत विचारावयाचा खरा प्रश्न सर्वांत मोठ्या पगाराचा नव्हे. गेल्या तीन वर्षांत प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांना, कोणत्या पदावर, किती दरमहावर नोकरी लागली, याचा लेखी तपशील मागावा, आणि तो न देणाऱ्या संस्थेत पैसे भरू नयेत.

कर्जाची सोय आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाली आहे. हमी निधीच्या योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही; शिक्षणकाळ आणि वर एक वर्ष एवढी सवड मिळते; २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्क्यांची व्याजसवलत आहे, पण ती केवळ मानांकनात वर असलेल्या संस्थांपुरती. हा शेवटचा निर्बंध मला शहाणपणाचा वाटतो. तारण नाही म्हणून कर्ज हलके होत नाही. चार लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ६,६४० रुपयांचा हप्ता पडतो, आणि पहाऱ्याच्या नोकरीवरील माणसाच्या हातातून एवढी रक्कम गेली तर मागे काय उरते याचा विचार सही करण्यापूर्वी झाला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या पंडितांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. पुष्कळ श्रम व काळ खर्चून शिकलेल्या माणसाची तुलना ॲडम स्मिथने १७७६ मध्येच महाग यंत्राशी केली होती, ज्याने झिजून जाण्यापूर्वी आपली किंमत नफ्यासह भरून काढली पाहिजे. मागवाल्यांच्या गावाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. विसाव्या शतकात शुल्ट्झ आणि बेकर यांनी त्याच विचाराला मानवी भांडवलाच्या सिद्धान्ताचे रूप दिले. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये मात्र एक वेगळीच शंका उपस्थित केली : पदवी कदाचित कसब वाढवीत नसेल, ती केवळ खूण असेल, जिच्यावरून मालक उमेदवार निवडतो. ही शंका सुरक्षा विज्ञानाला विशेष लागू पडते, कारण जी खूण ओळखणारे मालकच अद्याप थोडे आहेत, ती खूण म्हणूनही कमकुवत ठरते. आणि अशा वेळी तिच्या पोटात कसब असेल तरच ती तरते.

यात एक नवी भर लवकरच पडणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या तरुणांची पहिली तुकडी चार वर्षे पुरी करून बाहेर पडेल, त्यांतील चौथा हिस्साच सैन्यात कायम राहील, आणि बाकीचे, पंचविशीच्या आतबाहेरचे, शिस्तीत तयार झालेले, हाती सेवानिधीचे दहा-अकरा लाख रुपये असलेले, याच पहाऱ्याच्या व पर्यवेक्षणाच्या बाजारात उतरतील. पदवीधराने तीन वर्षांत जितके खर्चिले तितके त्यांनी चार वर्षांत साठविलेले असेल. कायद्यातील प्राधान्यही त्यांच्याच बाजूला आहे. ज्या मुलाला मनापासून बंदोबस्ताचे काम हवे आहे, त्याच्या बापाने ही तुलना टाळू नये.

स्त्रियांसंबंधी दोन शब्द. बाजारपेठा, इस्पितळे, परीक्षाकेंद्रे, विमानतळ यांत झडतीसाठी स्त्रीरक्षक लागतातच, आणि नियमाने त्यांची उंचीची अट दीडशे सेंटिमीटर ठेवली आहे. तथापि रात्रपाळीहून परतण्याची सोय, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह यांचा उल्लेख ठेक्याच्या कागदात नसतो. प्रयोगशाळा, सुरक्षितता विभाग आणि संगणक या वाटांवर ही अडचण कमी आहे, आणि मुलींसाठी खर्च करताना घरांनी हात आखडता घेऊ नये, कारण त्यांच्यासाठी मागावरची वा दुकानातली पर्यायी मिळकत मुलांहून कमी असल्याने पदवीचा फायदा तुलनेने अधिक पडतो.

शेवटी एक तजवीज सुचवितो, जिला पैसा थोडा लागेल. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षभराच्या १२०० तासांच्या अध्ययनाला चाळीस श्रेयांक मानलेले आहेत, म्हणजे तीस तासांस एक. रक्षकाचे कायद्याने सक्तीचे केलेले १६० तासांचे प्रशिक्षण या मापाने सुमारे पाच श्रेयांकांचे होते. ते त्याच्या खात्यावर जमा करून घ्यावे, त्यावर अग्निशमन, प्रथमोपचार, पुराव्याचे जतन आणि संगणकाची ओळख यांचे छोटे पाठ्यक्रम भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाने किंवा निमाडसाठी खरगोनास नव्याने स्थापन झालेल्या टंट्या भील विद्यापीठाने जोडावेत, आणि पर्यवेक्षक नेमण्याच्या कलमात माजी सैनिकाच्या बरोबरीने अशा पदवीधर रक्षकाचेही नाव घालावे. मग ताप्ती मिलच्या रस्त्यावरील एखाद्या एटीएमच्या चौकीत रात्र काढणारा माणूस, नोकरी न सोडता, एकाही महिन्याची मिळकत न बुडविता, चार-सहा वर्षांत पदवीधर होऊ शकेल; वर मांडलेल्या हिशेबातील ३,६०,००० रुपयांची ती अदृश्य रक्कम त्याच्या बाबतीत शून्य होईल, आणि फीचे काही हजार त्याला स्वतःच्याच तनख्यातून भरता येतील.